पॅथॉलॉजीचं जुनं म्युझियम हाती आलं तर : आधी रजिस्टर, मग बरणी

मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात रोगट अवयव जपून ठेवलेली ही म्युझियमची खोली असतेच. विद्यार्थ्यांना ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आठवते आणि विभागाला इन्स्पेक्शनची तारीख लागली की. एरवी कुलूप. आत लोखंडी मांडण्या, त्यांवर काचेच्या नाहीतर पर्स्पेक्सच्या (ॲक्रिलिक प्लास्टिकच्या) बरण्या, बरण्यांत पिवळट पडलेल्या पाण्यातलं यकृत, फुप्फुस, हृदय. पुण्यात ससूनची इमारत १८६७ ची, बी. जे. मेडिकल स्कूलचं कॉलेज झालं १९४६ मध्ये आणि एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) सुरू झालं १९४८ मध्ये. एवढा जुना वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास असलेल्या शहरात कधी ना कधी कुणाच्या तरी गळ्यात असा संग्रह पडतो. बहुधा नव्याने लागलेल्या असिस्टंट प्रोफेसरच्या, नाहीतर म्युझियम टेक्निशियनच्या, नाहीतर 'तू मराठी टायपिंग करतोस ना, मग हेही बघ' म्हणून पुढे ढकललेल्या रेसिडेंटच्या. त्यांच्यासाठी हा लेख.

अशा वेळी पहिली हुक्की येते ती फॉर्मलिनचे (अवयव टिकवणाऱ्या फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणाचे) कॅन मागवून सगळ्या बरण्या भरून टाकायची. खोली चकचकीत दिसते, साहेब खूश होतात. पण पाणी बदलताना लेबलं सुटतात, बरण्या इकडच्या तिकडे होतात आणि कुठलं हृदय कुणाचं, कुठल्या वर्षाचं, हे कायमचं पुसलं जातं. कोरडी पडत चाललेली बरणी अजून महिनाभर तग धरते. हरवलेली नोंद मात्र परत येत नाही. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवायचा.

पहिलं काम : हात न लावता फोटो

प्रत्येक मांडणीचा समोरून फोटो, मग प्रत्येक फळीचा, मग प्रत्येक बरणीचे चारही बाजूंनी. बरण्या आहेत त्याच जागी राहू द्या. फळीवरचा क्रम ही सुद्धा माहिती असते. पूर्वीच्या माणसाने क्षयाची सगळी आतडी एका ओळीत लावली असतील आणि मधल्या एका बरणीचं लेबल गळून पडलं असेल, तर शेजाऱ्यांवरून तिचा अंदाज बांधता येतो. फळ्यांना कायमचे क्रमांक द्या (कपाट ३, फळी २, डावीकडून ५ वी, असे) आणि फोटोच्या फाइलला तेच नाव द्या. पेन्सिलीने चिकटपट्टीवर तात्पुरता क्रमांक लिहून बरणीच्या तळाशी लावा. जुन्या लेबलवर काहीही चिकटवू नका, खोडू नका, मार्करने गिरवू तर मुळीच नका.

दुसरं काम : रजिस्टरांचा शोध

याला सर्वांत जास्त वेळ द्या. किमान चार प्रकारची कागदपत्रं शोधायची असतात: म्युझियमचं स्वतःचं रजिस्टर, पोस्टमॉर्टेम रजिस्टर आणि त्याचे बांधीव रिपोर्ट, सर्जिकल पॅथॉलॉजीचं (ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागांच्या तपासणीचं) रजिस्टर आणि डेड स्टॉक (टिकाऊ सामानाच्या नोंदीचं) रजिस्टर. शेवटचं बघून हसू येतं, पण सरकारी खात्यात रिकामी बरणी डेड स्टॉकमध्ये एका क्रमांकावर चढते आणि आतला स्पेसिमेन (नमुना) म्युझियम रजिस्टरमध्ये दुसऱ्याच क्रमांकावर. बरणीवर दोन वेगवेगळे आकडे दिसले तर बरेचदा भानगड हीच असते. डेड स्टॉकमधली खरेदीची तारीख मिळाली तर निदान 'ही बरणी याच्या आधीची नाही' एवढं तरी नक्की होतं.

रजिस्टर विभागातच सापडेल असं धरून चालू नका. जिन्याखालची खोली, जुन्या विभागप्रमुखांचं कपाट, कॉलेजचं ग्रंथालय, हॉस्पिटलचा रेकॉर्ड विभाग, सगळीकडे विचारा. सगळ्यांत आधी विचारायचं निवृत्त अटेंडंटना. कुठली पेटी कुठल्या रंगकामाच्या वेळी कुठे हलवली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यांना चहाला बोलवा, फोटो दाखवा आणि ते बोलतील ते लिहून घ्या.

रजिस्टर सापडलं की आधी त्याचे फोटो, मग वाचन. वाळवी किंवा कसर लागली असेल तर पानं ओढून सुटी करू नका, आहे तशीच टिपा. पुण्यात जुन्या वहीवर पाण्याचा डाग दिसला की कुणीतरी 'पानशेतच्या पुरात भिजली' म्हणतंच. पूर १२ जुलै १९६१ चा. वहीतल्या शेवटच्या नोंदी त्यानंतरच्या असतील आणि त्या पानांवरही तोच डाग असेल, तर ते पुराचं पाणी नव्हे, बहुधा छतातून गळलेलं पावसाचं. ऐकीव गोष्ट कॅटलॉगमध्ये घालायची असेल तर 'ऐकीव' असं लिहूनच घाला.

तारीख नसलेल्या बरणीचं वय काढायला काही खुणा उपयोगी पडतात. फॉर्मलिन ऊतक टिकवण्यासाठी वापरता येतं हे फर्डिनांड ब्लुम यांनी दाखवलं ते १८९३ मध्ये, त्याआधीचं बहुतेक सगळं अल्कोहोलमध्ये. पर्स्पेक्सची बरणी १९४० च्या दशकाआधीची असणं अवघड. वजन पौंड-औंसांत असेल तर नोंद बहुधा मेट्रिक पद्धत रुळण्याआधीची, म्हणजे १९६० च्या आसपासची किंवा त्याहून जुनी. 'पूना' असं लिहिलेलं लेबल १९७८ च्या अधिकृत नामांतराआधीचं असू शकतं, पण ही खूण कच्ची, कारण छापील लेबलांचे गठ्ठे संपेपर्यंत वापरले जातात. आणि बरणीचं वय म्हणजे स्पेसिमेनचं वय नव्हे. जुना नमुना नव्या बरणीत हलवणं ही नेहमीची गोष्ट होती.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात मिळतं. तिथल्या म्युझियमचं काम मॉड ॲबट यांच्याकडे आलं तेव्हा त्यांना जन्मजात दोष असलेलं एक विलक्षण हृदय सापडलं. ते कुणाचं, कुणाला सांगता येईना. त्यांनी तिथे पूर्वी शिकवलेले नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना पत्र घालून विचारलं. ऑस्लरनी कळवलं, हे अँड्र्यू होम्सचं हृदय, म्हणजे होम्स यांनी १८२४ मध्ये एडिंबरोच्या नियतकालिकात ज्याचं वर्णन छापलं ते. त्या धाग्यावरून ॲबट जन्मजात हृदयदोषांच्या अभ्यासाकडे वळल्या आणि १९३६ मध्ये त्यांचा हजार रुग्णांवर आधारलेला ॲटलास आला. बरणी तिथे आधीपासूनच होती. तिला अर्थ आला तो एका पत्राने.

तिसरं काम : अवस्थेप्रमाणे वर्गवारी

आता एक्सेल उघडा. रकाने: तात्पुरता क्रमांक, जुने क्रमांक (सगळे, जसे लिहिलेत तसे), अवयव, लेबलवरचं निदान, बरणीचा प्रकार, द्रवाची पातळी, द्रवाचा रंग, गळती, स्पेसिमेनची स्थिती, रजिस्टरमध्ये नोंद सापडली की नाही. अवस्थेसाठी चार गट पुरतात. 'अ' म्हणजे ठीक, हात लावू नका. 'ब' म्हणजे नुसतं वर भरायचंय. 'क' म्हणजे उघडून पुन्हा माउंट करायचंय (नव्याने बरणीत बांधून बसवायचंय). 'ड' म्हणजे सुकून गेलंय, बुरशी आलीय किंवा विरघळतंय.

हौशी माणूस 'अ' गटातल्याही बरण्या उघडतो. पिवळं पाणी म्हणजे खराब पाणी नव्हे. झाकण घट्ट आहे, स्पेसिमेन पूर्ण बुडालेला आहे आणि आतलं दिसतंय, तर ती बरणी तशीच राहू द्या. प्रत्येक उघडझापीत थोडं काहीतरी तुटतंच.

'ड' गटही लगेच फेकायचा नाही. बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलच्या संग्रहात १९१२ मध्ये गोवराने दगावलेल्या एका लहान मुलीचं फुप्फुस फॉर्मलिनमध्ये ठेवलेलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनी त्यातून गोवराच्या विषाणूची जनुकीय मांडणी वाचता आली आणि २०२० मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्याकडच्या जुन्या बरण्यांतही आज वॉर्डात न दिसणारे आजार असू शकतात. नारूचंच बघा. एकेकाळी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पायातून हा जंत काडीवर गुंडाळून काढत. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. घटसर्पाचा पडदा, उपदंशाने फुगलेली महाधमनी, विषमज्वराने छिद्र पडलेलं आतडं हे आजच्या रेसिडेंटने पुस्तकातच पाहिलेलं असतं.

चौथं काम : उघडण्याआधीची सावधगिरी

इंटरनॅशनल एजन्सी फॉर रिसर्च ऑन कॅन्सरने फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात निश्चित कर्करोगकारक ठरवलं. 'आम्ही तीस वर्षं उघड्या हातांनी काम केलं, काही झालं नाही' हे वाक्य ऐकायला मिळेलच. त्यांना नमस्कार करायचा आणि नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, एप्रन घालूनच बसायचं. काम ग्रॉसिंगच्या (अवयव कापून तपासण्याच्या) एक्झॉस्ट टेबलवर करा. म्युझियमच्या बंद खोलीत पंखा लावून करू नका, वाफा खोलीभर फिरतात. साधा सर्जिकल मास्क फॉर्मलिनची वाफ अडवत नाही.

जुन्या संग्रहात फॉर्मलिनपेक्षा वाईट गोष्टीही निघतात. काही जुन्या द्रावणांत पारा किंवा आर्सेनिकची संयुगं असतात. सर्वांत जपायचं ते पिक्रिक ॲसिडला. कपाटाच्या कोपऱ्यात सुकलेल्या पिवळ्या स्फटिकांची बाटली दिसली तर झाकण फिरवू नका, हलवू नका. कोरड्या पिक्रिक ॲसिडचा घर्षणाने स्फोट होतो. खोली बंद करून सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा.

आत कुठला द्रव आहे हे वास घेऊन ठरवू नका. सिरिंजने दोनेक मिलिलिटर काढून त्यातले थोडे थेंब एक्झॉस्टखाली वॉच ग्लासवर ठेवा. अल्कोहोल भराभर उडतं. ग्लिसरीन असेल तर दुसऱ्या दिवशीही चिकट थर उरतो. उरलेल्यात पीएचची पट्टी बुडवा. जुन्या फॉर्मलिनमध्ये फॉर्मिक ॲसिड तयार होतं, आणि ते हाड, कॅल्शियम साचलेली झडप किंवा दगडी झालेली गाठ हळूहळू विरघळवतं. पट्टी आम्ल दाखवत असेल आणि स्पेसिमेन हाडाचा असेल, तर ती बरणी यादीत सगळ्यांच्या वर.

द्रवांची अदलाबदल करू नका. अल्कोहोलमधला नमुना अल्कोहोलमध्येच ठेवायचा. गाउटचे (संधिवाताच्या एका प्रकाराचे) खडे पाण्याच्या फॉर्मलिनमध्ये विरघळतात, म्हणून कुणीतरी जाणूनबुजून ते अल्कोहोलमध्ये ठेवलेले असतात. आपण शहाणपणा करून फॉर्मलिन भरलं की नमुना जाईल आणि लेबल तेवढं उरेल. अल्कोहोलसाठी बरणी काचेचीच हवी, पर्स्पेक्सला त्याने बारीक तडे जातात.

पाचवं काम : पुन्हा माउंट करणं

'क' गटातली एक बरणी घ्या. एकाच वेळी एकच. टेबलवर दुसरी बरणी उघडी दिसली की गोंधळाची सोय झाली. स्पेसिमेनला सुती दोऱ्याने क्रमांकाची चकती बांधल्याशिवाय तो बरणीतून बाहेर काढायचा नाही.

जुन्या काचेच्या बरणीचं झाकण काळ्या बिटुमेनने (डांबराने) बंद केलेलं असतं. बरणी खोल ट्रेमध्ये ठेवा. गरम पाण्यात बुडवलेलं पातं झाकणाच्या कडेने हळूहळू फिरवा, पातं थंड झालं की पुन्हा बुडवा. बर्नर किंवा लायटर जवळ आणू नका, आत अल्कोहोल असू शकतं. झाकण उचकटायला गेलात तर काच तडकते आणि तसली झाकणं आता मिळत नाहीत. द्रव सिंकमध्ये ओतायचा नाही, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवायचा.

बाहेर काढलेला फॉर्मलिनमधला स्पेसिमेन टबात, पाणी अधूनमधून बदलत, रात्रभर ठेवा. नळाची धार थेट सोडू नका, जुनं ऊतक ठिसूळ असतं. वर साचलेला थर मऊ ब्रशने काढा. मऊ पडला असेल तर आधी ताज्या बफर्ड (आम्लता आवरणारे क्षार घातलेल्या) फॉर्मलिनमध्ये काही दिवस मुरू द्या. त्याचं प्रमाण एक लिटरला: बाजारातलं फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. यात नंतर आम्ल साचत नाही.

बरणीत भरायचा द्रव वेगळा. कार्ल कायझरलिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंग टिकवणारी तीन द्रावणांची पद्धत दिली. त्यातल्या तिसऱ्या द्रावणाचं पुल्व्हरटाफ्ट यांनी सुधारलेलं रूप मला सगळ्यांत खात्रीचं वाटतं: ग्लिसरीन ३०० मिली, सोडियम ॲसिटेट १०० ग्रॅम, दहा टक्के फॉर्मलिन ५ मिली आणि पाणी घालून एकूण १ लिटर. पाणी डिस्टिल्डच घ्या. द्रावण गाळून घ्या, नाहीतर महिन्याभरात तळाशी गाळ दिसतो. बरणी बंद करण्याच्या अगदी आधी लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम हायड्रोसल्फाइट घालायचं. त्याने रक्ताचा लालसरपणा थोडा परत येतो. थोडाच. कित्येक दशकं तपकिरी पडलेली प्लीहा ताजी दिसेल अशी आशा धरू नका. आणि इओसिन (स्लाइड रंगवायचा गुलाबी रंग) चोळून रंग 'आणण्याचा' प्रकार कुठे दिसला तर तो तिथेच थांबवा. त्या नमुन्यावरून विद्यार्थी काय शिकणार?

पर्स्पेक्सच्या बरण्या ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या ॲक्रिलिकवाल्यांकडून बनवून घेता येतात. त्यांना आधीच बजावा की ही शोभेची वस्तू नाही, आत कायम द्रव राहणार आहे. मोठ्या बरणीला ६ मिलिमीटरचा पत्रा घ्या. सांधे क्लोरोफॉर्मने जोडतात, तेही काम एक्झॉस्टखालीच. ताब्यात घेण्याआधी बरणी साध्या पाण्याने भरून कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर परत पाठवा.

स्पेसिमेन आतल्या पाठपट्टीला नायलॉनच्या धाग्याने बांधायचा, भोकं पट्टीला पाडायची. मूळ छेद समोर यायला हवा. बांधण्याआधी जुना फोटो बघा, आधीच्या माणसाने नेमकं काय दाखवायला तो कोन निवडला होता ते कळतं. द्रव बरणीच्या भिंतीवरून सावकाश सोडा. मग हवा. हृदयाचे कप्पे आणि फुप्फुसाचा छेद यांत ती हटून बसते. लांब सुईच्या सिरिंजने कप्प्यांत द्रव भरत गेलं की बुडबुडे निघतात. झाकण चिकटवताना त्याच्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरचं भोक ठेवा. बरणी तिरपी करून रात्रभर ठेवा, भोक सगळ्यांत वर येईल अशी. सकाळी वर आलेली हवा काढून सुईने द्रव भरा, भोकात पर्स्पेक्सची बारीक काडी बसवून क्लोरोफॉर्मने बंद करा. घाई केलीत तर फुप्फुसाची बरणी पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडावी लागते.

जुनी काचेची बरणी शाबूत असेल तर नवीन करायचीच कशाला? तीही संग्रहाचाच भाग आहे.

सहावं काम : लेबल आणि कॅटलॉग

निघालेलं जुनं लेबल सुकवून, पॉलिएस्टरच्या पाकिटात, क्रमांकासह फाइलला. नव्या लेबलवर क्रमांक, अवयव, निदान, वर्ष. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, गाव नाही. जुन्या लेबलांवर ही माहिती सर्रास असते. ती बंद कपाटातल्या रजिस्टरमध्ये राहू द्या, बरणीवर नको. बरणीच्या आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने किंवा इंडिया इंकने लिहिलेली हवी. इंकजेटची शाई विरघळते आणि लेझरचं टोनर अल्कोहोलमध्ये सुटतं. क्यूआर कोड बाहेरच्या लेबलवर खुशाल लावा, पण सोबत वाचता येणारा क्रमांक हवाच. लिंक मरते, आकडा राहतो.

निदानाच्या रकान्याचे दोन करा: 'मूळ' आणि 'आजचं'. मूत्रपिंडाच्या बरणीवर 'हायपरनेफ्रोमा' लिहिलेलं असेल तर ते खोडून 'रीनल सेल कार्सिनोमा' (मूत्रपिंडाच्या त्याच कर्करोगाचं आजचं नाव) करण्याचा मोह होतो. ग्रॅविट्झ यांनी १८८३ मध्ये या गाठी अधिवृक्काच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) भरकटलेल्या पेशींपासून उगवतात असं मांडलं, त्यातून ते नाव रुळलं. कल्पना चुकीची ठरली, तरी नाव बराच काळ टिकलं. बरणीवरचा तो शब्द आपल्या विषयाचाच इतिहास आहे. मूळ रकान्यात स्पेलिंगच्या चुकांसकट तसाच उतरवा. आजचं निदान लिहायला स्लाइड लागत असेल तर तुकडा मागच्या बाजूने घ्या, छोटा घ्या, आणि कुणी, कधी, कुठून घेतला ते लिहा.

नोंद सापडली नाही तर रकाना रिकामा ठेवा. अंदाज वेगळ्या रकान्यात, अंदाज म्हणून, स्वतःच्या सहीनिशी.

दाखवणं आणि टाकून देणं

यातल्या बहुतेक माणसांना कुणी संमती विचारलेली नाही, त्या काळी विचारत नसत. त्यामुळे मोबाइल बाहेर, आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेला दिसला तर बोलायची वेळ आलीच. अर्भकं आणि चेहरा ओळखू येईल असे नमुने वेगळ्या, पडदा असलेल्या कपाटात ठेवा. शाळेच्या सहली आणायच्या असतील तर निवडक बरण्यांची वेगळी मांडणी करा. तोंडाचा कॅन्सर आणि शेजारी तंबाखू-चुन्याची डबी, एवढं दाखवलं तरी नववी-दहावीच्या मुलांना पुरतं.

टाकायचं ठरलंच तर एकट्याने ठरवू नका. विभागप्रमुख, दुसऱ्या विभागातला एक जण आणि स्टोअरचा माणूस यांची समिती, फोटो आणि लेखी कारण. स्पेसिमेन २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो, फॉर्मलिन रासायनिक कचरा म्हणून वेगळं, काच निळ्या खुणेच्या डब्यातून. बरणीचं डेड स्टॉकमधून निर्लेखन करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या ऑडिटला ती 'गहाळ' निघते आणि वसुलीची नोटीस येते. म्युझियम रजिस्टरमधली ओळ मात्र खोडायची नाही. तिच्यापुढे तारीख आणि 'निकाली' एवढंच. तो क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही.

वर्षभराचं वेळापत्रक

मे महिन्यात द्रवाची पातळी तपासा, उन्हाळ्यात ती सगळ्यांत जास्त उतरते. जूनच्या पहिल्या पावसाआधी छत, खिडक्या आणि भिंतीला टेकलेली कपाटं बघा, रजिस्टरं खालच्या फळीवरून वर घ्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोरडी हाडं आणि लेबलं यांवर बुरशी आलीय का ते पाहा. थंडीत साठवणीतल्या कडक फॉर्मलिनमध्ये पांढरा गाळ बसतो, तसला कॅन बफर्ड फॉर्मलिन करायला घेऊ नका. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, जड बरण्या खालच्या फळीवर. ऑपरेशन थिएटरमधून नवा नमुना आला तर त्याला त्याच दिवशी क्रमांक द्या. 'सोमवारी करू' म्हणून बादलीत ठेवलेल्या नमुन्याची चिठ्ठी सोमवारपर्यंत वाचता येईलच असं नाही.